कंपनीत रघू रोज हजर आहे

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात कुणी तुम्हाला सांगितलं की कॉम्प्युटर चूक करत नाही, तर खुशाल मान डोलवा आणि पुढे चालायला लागा. वाद घालू नका. मी घातला होता, घसा बसला तेवढाच. कॉम्प्युटरचं सगळं बरोबरच असतं बाबा. चुकतात ती माणसं, आणि त्यातली पहिली चूक आमच्या रघूदादाची. कंपनीत काम करायचं होतं तर त्यानं एकुलता एक म्हणून जन्माला यायला हवं होतं. त्याच्या पाठीवर भाऊ झाला, तिथंच घोळ झाला.

मी विनिता. गोडाऊनच्या गेटासमोर माझं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान. दोन हजार सात सालची गोष्ट सांगते. तेव्हा हमालांच्या खिशातसुद्धा मोबाइल वाजायला लागले होते आणि माझ्या फोनवर धूळ बसायला लागली होती. पण झेरॉक्स जोरात होतं. सरकारला आणि कंपन्यांना माणसापेक्षा त्याची झेरॉक्स जास्त पटते, त्यामुळे माझं पोट चालू होतं. रघूदादा भावकीतला, माझ्या बापाच्या चुलतभावाचा थोरला मुलगा. उंच, आडवा, मिशीवाला, आणि आवाज असा की गोडाऊनच्या आत बोलला तर माझ्या दुकानात ऐकू यायचं. माझं दुकान चहाचं नाही हे त्याला मी कितीदा सांगितलं. तरी दुपारी येऊन बसणार, समोरच्या टपरीवरून चहा मागवणार, बशीत ओतून पिणार आणि माझी झेरॉक्स फिकी येते म्हणून मलाच ऐकवणार. वज्रेश्वरीच्या बसचा कंडक्टर त्याला बघून तोंड फिरवायचा, इतकी त्याची भांडायची ख्याती.

एका कामात मात्र त्याचा हात धरणारा नव्हता, म्हणजे तो स्वतःच तसं म्हणायचा. ट्रक मागे घ्यायला लावायचं काम. पंजाबचा असो, राजस्थानचा असो, ड्रायव्हरनं आरशात बघायचंच नाही, रघूदादाकडं बघायचं. "आने दे, आने दे, थोडा कल्याणसाईड मार, बस!" आता हरियाणातून आलेल्या माणसाला कल्याणची बाजू कुठली, हे कसं कळावं? पण कळायचं. ट्रक बरोबर दारात लागायचा आणि मग रघूदादा तोंड भरून हसायचा.

गोडाऊन उभं आहे ती जमीन त्याच्या बापाची, पंढरीकाकांची. विकली. पैसे आले, स्लॅबचं घर झालं, एक टेम्पो झाला, दोन लग्नं झाली, पैसे गेले. त्यावर मी काही बोलत नाही, आमच्याकडंही तेच झालं. पण पंढरीकाका हुशार. त्यांनी विकताना अट घातली की गोडाऊनमध्ये आमच्या घरातल्या एका माणसाला कायमची नोकरी पाहिजे. दिली. कागदावर थोरला म्हणून रघूचं नाव लागलं.

आता मुलगे दोन आणि नोकरी एक. मग काय करायचं? आमच्याकडं याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, पाळी लावायची. खाडीत जाळं लावायची जागा एकच असायची, तिथं भाऊ पाळीपाळीनं जायचे. गणपती घरी एक वर्ष याच्याकडं, एक वर्ष त्याच्याकडं. तशीच नोकरीची पाळी लागली. एक महिना रघूनं जायचं, एक महिना धाकट्या दौलतनं. ज्याची पाळी नाही त्यानं टेम्पो चालवायचा. पंढरीकाका गेले तरी पाळी चालू राहिली आणि दोघा भावांत कधी तंटा झाला नाही. असं घर आमच्या गावात दुसरं दाखवा.

गोडाऊनमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं. कागदावर रघू म्हणून दौलतदादाही रघूच. हमाल लोक उत्तर प्रदेशचे, ते सकाळी गेटावर विचारायचे, "आज कौन-सा रघू आया, बडा कि छोटा?" सुपरवायझर दीपेश शेजारच्या काल्हेर गावचा, म्हणजे आपल्यातलाच. त्याला काम झाल्याशी मतलब. काम दोघंही चोख करायचे. रघूदादाच्या महिन्यात आरडाओरडा जास्त आणि दौलतदादाच्या महिन्यात कमी, एवढाच फरक.

मग कंपनी सुधारली.

मुंबईच्या ऑफिसातून कुणालसाहेब आले. कोवळे, गोरे, गळ्यात पट्टा, हातात लॅपटॉप, बोलणं अगदी गोड. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आता वही नाही, सही नाही, अंगठा लावायचा की हजेरी थेट मुंबईला. वेळ वाचेल, माणसं वाचतील, खोटेपणा संपेल. भिंतीवर एक काळी डबी बसवली. दसरा जवळच होता, म्हणून आमच्या लोकांनी डबीला झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. साहेबांना फार आवडलं, त्यांनी फोटो काढले. त्या डबीत एक बाई होती. अंगठा बरोबर लागला की ती इंग्रजीत थँक यू म्हणायची, नाहीतर पुन्हा प्रयत्न करा म्हणायची. नवऱ्याशीसुद्धा एवढ्या अदबीनं कुणी बोलत नाही.

अंगठे घेतले त्या दिवशी पाळी दौलतदादाची होती. साहेबांनी नाव पुकारलं, रघू पंढरी. दौलतदादा पुढे झाला. दर दुसऱ्या महिन्याला तो रघू म्हणूनच पगार घेत होता, त्याला त्यात विचार करण्यासारखं काय वाटणार? अंगठा दाबला, बाई थँक यू म्हणाली, आणि त्या घटकेपासून दौलतदादा कायमचा रघू झाला.

महिना सरला. रघूदादा इस्त्रीचा शर्ट घालून पाळीवर आला. "शेतावर चाललो," असं मला ओरडून सांगत आत गेला. तो कधी कामावर चाललो म्हणायचाच नाही. थोड्या वेळानं बाहेर आला तो माझ्याकडं साबण मागत. बाई ऐकत नाही म्हणाला. बोट घासून धुतलं, पुसलं, परत गेला. परत आला, खोबरेल आहे का विचारलं. डाव्या हाताचा अंगठा लावून बघितला, मग बाकीची बोटंही लावली. शेवटी डबीला नमस्कारसुद्धा केला. बाई तेच म्हणत राहिली. काय म्हणावं याला? बारशाला अख्खं गाव जेवलेलं, मतदार यादीत नाव, ज्याच्या शेतात हे गोडाऊन उभं त्याचा हा मुलगा, आणि कुठून तरी खोक्यात बसून आलेली ती बया त्याला सांगते, तू रघू नव्हेस. मी हसले. खरं सांगते, पोट धरून हसले. तो हसला नाही.

दीपेशनं दोघा भावांना बाजूला घेऊन समजावलं. एक नाव, एक अंगठा. दोन रघू बसवायला सिस्टिममध्ये जागा नाही. साहेबांना खरं सांगितलं तर इतकी वर्षं दोघांनी मिळून कंपनीला फसवलं असं निघेल आणि घरातली नोकरीच जाईल. तेव्हा गप्प बसा आणि दौलतलाच कायम पाठवा.

सरळ होतं. पगार वाटून घ्यायचा, धाकट्यानं कामावर जायचं, थोरल्यानं टेम्पो चालवायचा. सीतावहिनी, रघूदादाची बायको, तीही हेच म्हणाली. तर रघूदादानं जेवण सोडलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की नाव माझं, जमीन माझ्या बापाची आणि मीच घरी? "पैशासाठी न्हाय जात मी," तो मला म्हणाला. "तिथं मला माणसं हाका मारतात." त्याला एकच धास्ती बसली होती, की एकदा पाय निघाला की आपल्याला त्या जागेवर कुणी उभं करणार नाही. टेम्पोवाला म्हणून गेटावर गेला असता तर वॉचमननं त्याला एन्ट्री करायला लावली असती. स्वतःच्या शेतात एन्ट्री!

मग भावांनीच तोड काढली. रघूदादाच्या महिन्यात दौलतदादानं सकाळी येऊन अंगठा लावायचा आणि मागच्या दारानं निघायचं. आत काम रघूदादानं करायचं. संध्याकाळी दौलतदादानं परत यायचं आणि सुटायचा अंगठा लावायचा, कारण सुटायचा अंगठा नसेल तर सिस्टिम अख्खा दिवस खाडा धरायची. राबलात की नाही हे ती विचारत नव्हती, घरी गेलात की नाही एवढंच बघत होती. दीपेशनं डोळेझाक केली.

म्हणजे बघा, पूर्वी एका नोकरीला एक माणूस लागायचा. माणसं वाचवायची मशीन आली आणि एका नोकरीला दोन माणसं लागायला लागली. दौलतदादाला टेम्पोची लांबची भाडी घेता येईनात. कल्याणपलीकडचं गिऱ्हाईक आलं की हा मान हलवायचा, मला संध्याकाळी अंगठा आहे. लग्नाला गेला तर अक्षता पडायच्या आत पळत यायचा. बायको माहेरी बोलवायची, हा जायचा नाही. गावात त्याला अंगठाशेठ म्हणायला लागले. पण कधी चुकला नाही. तापानं फणफणला होता तरी सायकलवर डबल सीट बसून आला, अंगठा लावला आणि तसाच घरी गेला. भावाचा दिवस वाया जाऊ द्यायचा नाही, एवढं त्यानं डोक्यात पक्कं धरलं होतं.

आणि कुणालसाहेब मुंबईत बसून खूश. त्यांच्या पडद्यावर रघू पंढरी हा माणूस वर्षभर एकदाही उशिरा आला नव्हता. असणारच. तो दोन माणसांचा मिळून झाला होता.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रघूदादाची पाळी होती. गोडाऊनमध्ये वॉशिंग मशीनच्या खोक्यांची थप्पी छपरापर्यंत लावलेली. खालची खोकी ओलीनं बसली होती. दुपारी थप्पी कलली आणि रघूदादाच्या अंगावर आली. छाती वाचली, उजवा पाय खाली सापडला. हमालांनी खोकी उपसून त्याला काढलं, समोर उभ्या ट्रकमध्येच घातलं आणि ठाण्याला इस्पितळात नेलं. ज्या ट्रकला तो मागे घे, मागे घे करत होता, त्याच ट्रकनं तो गेला. एका हमालानं पळत येऊन मला सांगितलं, मी दौलतदादाच्या मोबाइलवर फोन लावला. तो टेम्पो घेऊन भिवंडीच्या बाजारात होता. लगेच निघाला, पण वाटेत ट्रकच्या रांगेत अडकला.

संध्याकाळ होत आली तेव्हा त्याचा टेम्पो गेटाशी थांबला. मी दुकान बंद करून तयारच होते, म्हटलं हा मला घेऊन तसाच ठाण्याला सुटेल. तो मला थांब म्हणाला आणि आत गेला. मला वाटलं, काय झालं ते विचारायला गेला असेल. बाहेर आला, टेम्पो चालू केला आणि डोळे पुसत म्हणाला, "अंगठा लावून आलो. दादाचा आजचा दिवस तरी भरला."

टेम्पो चालवता चालवता तो रडत होता आणि मीही रडत होते. अंगठ्याचा विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यात असणार?

कंपनीच्या होता. रघूदादाच्या पायात लोखंडी सळ्या घातल्या, डॉक्टरांनी सांगितलं की पाय राहील पण चालणं पूर्वीचं राहणार नाही. सीतावहिनी भरपाईचं विचारायला दीपेशकडं गेली. दीपेशनं मान खाली घातली आणि मुंबईला फोन करून दिला. पलीकडून साहेब फार गोड बोलले. म्हणाले, त्या दिवशी आमचा रघू सकाळी वेळेवर आला, संध्याकाळी वेळेवर गेला, दुसऱ्या दिवशीही हजर आहे. त्याला काही झालेलं नाही. थप्पीखाली जो माणूस आला तो आमचा नव्हे. तो विनापरवाना आत कसा शिरला, याची आता चौकशी होणार. झालंच तर पोलिसांतही कळवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी हजर होताच तो. दौलतदादा गेला होता. न जाऊन करणार काय? इस्पितळाचा खर्च कोण देणार होतं, ती डबीतली बाई? टेम्पो विकायला काढला होता. घरात येणारा तेवढाच एक पगार उरला होता.

माझं डोकं फिरलं. मी भिवंडी कोर्टातल्या एका वकिलाला जाऊन भेटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोनदा हसला, मग सांगितलं की केस जिंकता येईल. थप्पीखालचा माणूस खरा रघू आहे हे सिद्ध करायला काही कठीण नाही, रेशनकार्ड आहे, मतदान ओळखपत्र आहे. फक्त ते सिद्ध झालं की पुढचा प्रश्न येणार, मग वर्षभर रघूच्या नावावर अंगठा लावून हजेरी खाणारा कोण? फसवणुकीचा गुन्हा दौलतवर पडेल. थोरल्याला भरपाई आणि धाकट्याला तुरुंग. मी घरी येऊन दोघांसमोर जसं ऐकलं तसं सांगितलं. रघूदादानं भिंतीकडं तोंड केलं.

रात्री दौलतदादा माझ्याकडं आला आणि म्हणाला की त्यानं ठरवलंय. चौकशीला साहेब घरी येतील तेव्हा तोच सांगून टाकणार, मी रघू नाही म्हणून. होऊ दे काय व्हायचं ते. दादाला त्याचं नाव परत मिळालं पाहिजे. मी त्याला अडवलं नाही. कुणाच्या बाजूनं बोलायचं तेच मला कळत नव्हतं.

साहेब आले. बूट काढून, पाय पुसून घरात आले, संस्कारी माणूस. पाठीमागं दीपेश. रघूदादा खाटेवर, पायाला सळ्यांचा पिंजरा. साहेबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. जबाब वाचून दाखवायला कुणी शिकलेलं हवं म्हणून वहिनीनं मला बोलावून घेतलं होतं. दौलतदादा उंबऱ्याशी उभा, शर्टाचं बटण पिळत. साहेब त्याला बघून ओळखीचं हसले आणि म्हणाले, काय रघू, तुझ्या घरी प्रॉब्लेम झाला आणि तू बोललासुद्धा नाहीस?

मग साहेबांनी समजावून सांगितलं. सिस्टिममध्ये तो माणूस सध्या 'अनोळखी' असा आहे, आणि अनोळखी असला की प्रकरण आपोआप पोलिसांकडं जातं. पण कामगाराचा नातेवाईक असेल, काही कारणानं भेटायला आत आला असेल, तर फाइल बंद करता येते. तिथं तसा रकाना आहे. त्यांनी आधी वहिनीला विचारलं, हे तुमचे कोण? ती म्हणाली, मालक. साहेब म्हणाले, नाव काय त्यांचं? आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इतकी वर्षं मी त्या रिवाजाला नावं ठेवत आले, त्या दिवशी म्हटलं, बरं झालं. वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि तिची सुटका झाली.

साहेब खाटेकडं वळले. दौलतदादानं एक पाऊल पुढे टाकलं आणि तोंड उघडलं.

"दौलत," रघूदादा मोठ्यानं म्हणाला. तोच गोडाऊनभर घुमणारा आवाज. "माझं नाव दौलत पंढरी. भावाला डबा द्यायला आत गेलो होतो. चूक माझी हाय, कंपनीची न्हाय."

दौलतदादा म्हणाला, दादा, असं नको करू. साहेबांना वाटलं, भाऊ चूक अंगावर घेतोय म्हणून हा कळवळला. त्यांनी बोटं चालवली, रकाना भरला. मी जबाब वाचून दाखवला. कसा वाचला ते माझं मला माहीत. प्रत्येक ओळीत दौलत असं लिहिलं होतं आणि मी तसंच वाचत गेले. सही करायची वेळ आली तेव्हा रघूदादानं पेन घेतलं नाही, अंगठाच घ्या म्हणाला. त्याला लिहिता येत नाही असं नाही, आमच्याबरोबरच शाळेत होता. दीपेशनं शाई काढली, कागदावर अंगठा उमटला, आणि कागद काही बोलला नाही.

लॅपटॉप मिटताना साहेबांचा चेहरा अगदी मोकळा झाला होता. उंबऱ्याशी दौलतदादाच्या खांद्यावर हात ठेवून ते खाटेकडं बघत म्हणाले, नशीबवान आहात, असा भाऊ मिळाला तुम्हाला. अख्ख्या गोडाऊनमध्ये एकही खाडा नसलेला हा एकच माणूस.

"हाय खरा," रघूदादा म्हणाला. "रघू जाम चांगला माणूस हाय, साहेब. त्याला कामावरून काढू नका."